युरोपवरच्या व्याख्यानाला जायचंय? सांगली-साताऱ्याहून निघणाऱ्यांसाठी

२०१० च्या हंगामात तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या तोंडी एकच शब्द होता, सीसीसी. म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला मारतात ते औषध. त्याचे अंश सापडले म्हणून आपल्याकडून गेलेली द्राक्षं युरोपात अडकली. आमच्या घरी वडील रोज रात्री फवारणीची वही काढून बसायचे आणि विचारायचे, "हे नियम ठरवतं कोण? आणि बसतात कुठं ही माणसं?" घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढे काही वर्षांनी विद्यापीठात युरोपियन युनियनवर, म्हणजे हे नियम करणाऱ्या युरोपातल्या देशांच्या संघावर, जाहीर व्याख्यान असल्याचं कळलं, तेव्हा वडिलांचा तोच प्रश्न घेऊन मी गेले.

मी प्राध्यापक नाही, पतसंस्थेत नोकरी करते. त्यामुळे पहिल्या वेळी गेटपासून सगळंच अडलं. आत सोडतील का, फी असते का, मराठीत प्रश्न विचारला तर चालतो का, काहीच माहीत नव्हतं. आता बऱ्याच व्याख्यानांना जाऊन झालंय. काही कोल्हापुरात, काही पुण्यात, बरीचशी घरी बसून ऑनलाइन. आपल्या भागातून नव्यानं जाणाऱ्याला ही चाचपडणी करावी लागू नये म्हणून हे क्रमानं लिहिते आहे.

१. आधी कुठे शोधायचं ते ठरवा

"युरोप अभ्यास केंद्र" अशी पाटी शोधत बसू नका. त्या नावाचं स्वतंत्र केंद्र देशात मोजक्याच ठिकाणी आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आहे, कर्नाटकात मणिपालला आहे. बाकी ठिकाणी हा विषय विखुरलेला असतो. युरोपियन युनियनवरचं व्याख्यान राज्यशास्त्र विभाग ठेवतो, महायुद्धावरचं इतिहास विभाग, व्यापार करारावरचं अर्थशास्त्र किंवा वाणिज्य विभाग, माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यावरचं एखादं विधी महाविद्यालय. जर्मन किंवा फ्रेंच साहित्यावरचं परदेशी भाषा विभागाकडे असतं. म्हणून एकाच विभागावर नजर ठेवली तर निम्मे कार्यक्रम हातचे जातात.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी पहिलं ठिकाण म्हणजे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. १९६२ साली ते झालं तेच कोल्हापूर, सांगली, सातारा डोळ्यांपुढे ठेवून. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे. सांगलीकरांनी विलिंग्डन महाविद्यालयासारख्या जुन्या महाविद्यालयांच्या सूचना बघत जाव्यात. विलिंग्डन १९१९ चं आहे, आणि जुन्या महाविद्यालयांत बाहेरच्या श्रोत्यांची सवय असते. पुण्याला जाणं जमत असेल तर पुणे विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, शिवाय जर्मन शिकवणारं मॅक्समुल्लर भवन आणि फ्रेंच शिकवणारी अलियान्स फ्रान्सेज. या शेवटच्या दोन ठिकाणी व्याख्यानांपेक्षा चित्रपट, वाचन, गप्पा असे कार्यक्रम जास्त मिळतात, आणि भाषा न येणाराही त्यांत रमतो.

सूचना येतात कुठे? विद्यापीठाच्या संकेतस्थळावर "परिपत्रके" आणि "कार्यक्रम" असे दोन वेगळे कप्पे असतात. दोन्ही बघा, कारण चर्चासत्राची सूचना बहुधा परिपत्रकातच पडून असते. स्थानिक वर्तमानपत्रात "आजचे कार्यक्रम" हे छोटं सदर येतं, तेही नजरेखालून घाला. सगळ्यात खात्रीचा मार्ग मात्र विभागाच्या कार्यालयात फोन करण्याचा. "मी सांगलीहून बोलतेय, युरोपवर काही जाहीर व्याख्यान ठरलंय का, आणि तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे का?" एवढं विचारलं की काम होतं. माझा नंबर अशाच एका फोननंतर ग्रुपमध्ये आला.

हंगामाचंही ध्यानात ठेवा. ९ मे हा युरोप दिन. १९५० साली याच दिवशी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमन यांनी कोळसा आणि पोलाद एकत्रित व्यवस्थेखाली आणण्याची घोषणा केली होती. पण मे म्हणजे आपल्याकडे परीक्षा आणि सुट्टी. त्यामुळे ते कार्यक्रम पुढेमागे सरकतात किंवा ऑनलाइन होतात. प्रत्यक्ष व्याख्यानांची खरी गर्दी डिसेंबर ते फेब्रुवारीत.

२. कार्यक्रमाचं नाव वाचून ओळखा, तुमच्यासाठी आहे का

पत्रिकेवरचे शब्द महत्त्वाचे असतात. "जाहीर व्याख्यान", "स्मृती व्याख्यान", "व्याख्यानमाला" असं असेल तर बिनधास्त जा. सर्वांना प्रवेश असतो आणि फी नसते. "विस्तार व्याख्यान" हे मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी असतं, पण मागच्या बाकावर बसायला मी विचारलं तेव्हा कुणी नाही म्हटलेलं नाही. "राष्ट्रीय चर्चासत्र" किंवा "परिषद" असेल तर नोंदणी आणि बहुधा फीही. फीमध्ये जेवण, फाइल आणि प्रमाणपत्र धरलेलं असतं. नुसतं ऐकायचं असेल तर बीजभाषणाला फी न भरता बसता येईल का, हे आधी विचारून घ्या. "कार्यशाळा" असेल तर जागा मोजक्या, तिथे न विचारता जाऊ नका.

एक सापळा इथेच सांगते. "युरोपमधील शिक्षणाच्या संधी : मोफत व्याख्यान" अशी पत्रिका आली आणि आयोजक म्हणून विभागाचं नाव कुठेच नसेल, तर ते बहुतेक परदेशात प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाचं असतं. सभागृह महाविद्यालयाचं भाड्यानं घेतलेलं असतं म्हणून आपली फसगत होते. मी भाचीला घेऊन अशा एका ठिकाणी गेले होते. वीस मिनिटं भाषण झालं आणि पुढचा दीड तास फॉर्म भरून घेणं. तिथे कुठलीही कागदपत्रं किंवा पैसे देऊ नका.

३. वेळ नीट वाचा, विशेषतः ऑनलाइन व्याख्यानाची

यावर जरा थांबते, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

ब्रुसेल्स, पॅरिस, बर्लिन इथली घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. आपलं घड्याळ बदलत नाही. म्हणून हिवाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेतीन. तिथे संध्याकाळी पाचचं व्याख्यान असेल तर जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि जूनमध्ये साडेआठ. लंडन त्यांच्याही एक तास मागे, म्हणून तिथलं पाच म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ.

मार्च अखेरीस ठेवलेलं शेतीधोरणावरचं एक व्याख्यान माझं असंच हुकलं. महिनाभर दर आठवड्याला साडेनऊला बसत होते, म्हणून त्याही दिवशी भाकरी आवरून बरोबर साडेनऊला लॅपटॉप उघडला. पडद्यावर आभारप्रदर्शन चाललं होतं. आदल्याच रविवारी त्यांचं घड्याळ सरकलं होतं. ज्या वक्त्याला ऐकायचं म्हणून तीन आठवडे वाट पाहिली, त्याचं एक वाक्यही कानावर पडलं नाही. तेव्हापासून पत्रिका आली की पहिलं काम म्हणजे भारतीय वेळ वहीत लिहिणं, आणि मार्च किंवा ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा असेल तर दोनदा तपासणं.

जर्मन विद्यापीठांच्या सूचनेत वेळेपुढे दोन अक्षरं असतात. "सी.टी." असेल तर व्याख्यान सांगितलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतं. सहा सी.टी. म्हणजे सव्वासहा. "एस.टी." असेल तर ठरल्या मिनिटाला. हे संक्षेप लॅटिनवरून आलेत, तिथल्या विद्यापीठांची ती जुनी रीत आहे. पहिल्यांदा रिकामा पडदा बघून मी लिंक चुकली समजून बाहेर पडले होते. तुम्ही पडू नका. आणि भाषण संपल्यावर टाळ्यांऐवजी बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक ऐकू आली तर ती दादच असते.

४. नोंदणी आणि सोबतची कागदपत्रं

नोंदणीच्या फॉर्ममध्ये "संस्था" हा रकाना बघून बरेच जण तिथेच थांबतात. आपली कुठलीच संस्था नाही, म्हणजे आपल्यासाठी नाही, असं वाटतं. तसं नसतं. मी पहिल्यांदा "स्वतंत्र श्रोता, तासगाव" लिहिलं होतं, हल्ली पतसंस्थेचं नाव लिहिते. शेतकरी असाल तर शेतकरी लिहा, गृहिणी असाल तर गृहिणी लिहा. आयोजकांना बाहेरून कोण आलं ते दाखवायला आवडतंच, कारण त्यांच्या अहवालात त्याला किंमत असते.

सोबत एवढं ठेवा:

- आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत आणि एक झेरॉक्स. गेटवर नोंद करताना लागतं.
- निमंत्रण पत्रिका किंवा नोंदणीचा ई-मेल कागदावर छापून. फोनची बॅटरी प्रवासात संपते, कागद संपत नाही.
- विभागाचं नाव, सभागृहाचं नाव आणि कार्यालयाचा फोन नंबर वहीत लिहून.
- विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाचं ओळखपत्र. हजेरी धरायची असेल तर प्राचार्यांच्या सहीचं पत्रही.
- प्रमाणपत्र हवं असेल तर आपलं नाव इंग्रजीत ज्या स्पेलिंगनं दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे, अगदी त्याच स्पेलिंगनं नोंदवा. मागाहून दुरुस्ती करून घ्यायला फार हेलपाटे पडतात.

प्रमाणपत्रासाठी शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरावा लागतो. त्याची लिंक शेवटच्या पाच मिनिटांत देतात आणि थोड्या वेळानं बंद करतात. बस पकडायच्या घाईत लवकर उठाल तर प्रमाणपत्र राहील.

पैशांचा मामला असेल तर एक नियम पाळा. फी विभागाच्या किंवा संस्थेच्या नावानं जमा होते का ते बघा. कुणाच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआय करायला सांगितलं असेल तर आधी कार्यालयात फोन करून खात्री करा, आणि पावती मागून घ्या.

५. आदल्या संध्याकाळी तासभर तयारी

वक्ते समोरच्याला थोडं येतं असं धरूनच बोलतात. एवढं माहीत असेल तर व्याख्यान डोक्यावरून जात नाही.

पहिलं, तीन "कौन्सिल" वेगळ्या करा. युरोपियन कौन्सिल म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांची बैठक, दिशा ती ठरवते. कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन म्हणजे त्या त्या खात्याच्या मंत्र्यांची बैठक. शेतीचा विषय असेल तर सत्तावीस देशांचे कृषिमंत्री बसतात. आणि कौन्सिल ऑफ युरोप ही साफ वेगळी संघटना आहे, १९४९ ची, स्ट्रासबर्गमधली. तिचे ४६ सदस्य देश आहेत आणि मानवी हक्कांचं युरोपीय न्यायालय तिच्याकडे आहे, युनियनकडे नाही. युनियनचं न्यायालय लक्झेंबर्गला. निळ्या ध्वजावरचे बारा तारे म्हणजे बारा देश नव्हेत. तो ध्वज कौन्सिल ऑफ युरोपनं १९५५ साली घेतला होता, पुढे १९८५ मध्ये आताच्या युनियननं स्वीकारला.

दुसरं, कायदा होतो कसा. प्रस्ताव मांडतं युरोपियन कमिशन, म्हणजे युनियनचं कार्यकारी मंडळ. तो मंजूर करतात मंत्र्यांची कौन्सिल आणि युरोपियन पार्लमेंट मिळून. पार्लमेंटवर लोक दर पाच वर्षांनी थेट मतदान करतात. २०२४ च्या निवडणुकीत ७२० सदस्य निवडून आले. त्यातून निघणाऱ्या "रेग्युलेशन" आणि "डायरेक्टिव्ह" यांतला फरक जरूर समजून घ्या. रेग्युलेशन सगळ्या सदस्य देशांत जसंच्या तसं लागू होतं. डायरेक्टिव्ह उद्दिष्ट सांगतं आणि त्यासाठीचा कायदा प्रत्येक देश स्वतः करतो. वडिलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या एका फरकात मिळालं. फळांवरच्या औषधांच्या अंशांची मर्यादा रेग्युलेशनमध्ये आहे, म्हणून द्राक्षं नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला उतरवा नाहीतर जर्मनीच्या हॅम्बुर्गला, मर्यादा तीच.

तिसरं, युनियन, युरो हे चलन वापरणारे देश आणि शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणारे देश, हे तीन वेगळे गट आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे शेंगेनमध्ये आहेत, युनियनमध्ये नाहीत. आयर्लंड युनियनमध्ये आहे, युरो वापरतं, पण शेंगेनमध्ये नाही. डेन्मार्क युनियनमध्ये आहे पण चलन स्वतःचं. हे एकदा डोक्यात बसलं की वक्त्याचा नकाशा लगेच कळतो.

सनावळी फार नको. १९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा-पोलाद समुदायाचा करार केला, १९५७ मध्ये सामायिक बाजारपेठेसाठी रोमचा करार, १९९२ मध्ये युनियन स्थापन करणारा मास्ट्रिख्टचा, २००२ मध्ये युरोच्या नोटा, २००४ मध्ये एकाच वेळी दहा नवे देश, आणि २०२० मध्ये ब्रिटन बाहेर. एवढ्या खुंट्या पुरतात, बाकीचं त्यांवर टांगता येतं.

६. आपल्या भागातला प्रश्न घेऊन जा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. नवखा माणूस "युरोपचं भवितव्य काय?" असा प्रश्न तयार करतो. वक्ता दोन गोड वाक्यं बोलतो आणि पुढे जातो. त्याऐवजी आपल्या शेतातला, आपल्या गावातला प्रश्न न्या. सांगली-साताऱ्याकडे असे प्रश्न पोत्यानं आहेत.

द्राक्षाचं घ्या. २००५ चं ३९६ क्रमांकाचं रेग्युलेशन औषधांच्या अंशांची मर्यादा ठरवतं. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. आपल्याकडे २००६ पासून अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ग्रेपनेट व्यवस्था आहे, निर्यातीच्या बागेची नोंद तिच्यात होते आणि डब्यावरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. आता प्रश्न असा विचारता येतो : एखाद्या औषधाची मर्यादा खाली आणायची ठरली, तर ते बाहेरच्या देशांना किती आधी कळवतात? आपली खरड छाटणी (काडी तयार करण्यासाठीची) एप्रिलमध्ये, गोडी छाटणी (फळासाठीची) ऑक्टोबरच्या आसपास. दोन्हींच्या मध्ये नियम बदलला तर बागायतदारानं काय करायचं? हा प्रश्न वक्त्याला पुस्तकातून बाहेर काढतो.

साखरेचंही तसंच. आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं, त्यांची साखर बीटाची. बीटात साखर आहे हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफनं १७४७ मध्ये दाखवलं. नेपोलियनच्या काळात समुद्रमार्गे येणारी साखर अडली आणि बीटाच्या कारखान्यांना जोर आला. कुणी किती साखर करायची याचा कोटा युनियननं कित्येक दशकं चालवला आणि सप्टेंबर २०१७ अखेर तो बंद केला. कोटा गेल्यावर तिथल्या बीट उत्पादकाच्या दराचं काय झालं? एफआरपीवर, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरावर, रोज बोलणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटणारच नाही.

भौगोलिक मानांकनाचा धागाही धरता येतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये हे मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. दार्जिलिंगच्या चहाला युरोपियन युनियननं २०११ मध्ये आपल्याकडचं संरक्षण दिलं. मग आपल्या हळदीला तिथे नोंद मिळवायची तर अर्ज कुणी करायचा, किती कागद लागतात? एका व्यापार कायद्याच्या व्याख्यानात मी हे विचारलं. मॅडमनी फळ्यावर पायऱ्या काढून दाखवल्या, आणि पुढचा पाऊण तास विद्यार्थी हळदीवरच बोलत होते.

पतसंस्थेत किंवा सोसायटीत असाल तर सहकाराचं मूळ विचारा. जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या पतपेढ्या उभ्या केल्या. मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९० च्या दशकात अहवाल लिहिला, त्यात आपल्या शेतकऱ्यासाठी हीच वाट सुचवली. पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला. ज्या कर्जाच्या फॉर्मवर मी रोज शिक्के मारते, त्याचा धागा ऱ्हाईन नदीकाठच्या खेड्यांपर्यंत जातो, हे मला एका व्याख्यानात कळलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मन वेगळंच होतं.

साताऱ्याच्या वाचकाला इतिहासातून जाता येईल. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले. ब्रिटिश पार्लमेंट, वसाहतवाद, कायदा यांवर व्याख्यान असेल तर यांचं नाव घ्या. पहिल्या महायुद्धावर असेल तर अपशिंगे मिलिटरीचं. त्या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. युरोपच्या इतिहासात आपली माणसं कुठे बसतात, हे वक्त्याच्या तोंडून ऐकायला मिळतं.

प्रश्न कागदावर लिहा. दोन वाक्यांत बसला पाहिजे. एक वाक्य पार्श्वभूमीचं, एक प्रश्नाचं.

७. जायचा दिवस

सांगलीहून कोल्हापूर साधारण ५० किलोमीटर. जयसिंगपूर, हातकणंगलेमार्गे एसटीला दीड तास धरा. साताऱ्याहून १२० च्या आसपास, कराड, पेठ नाका करत हमरस्त्यानं. लांब पल्ल्याची गाडी शहरात जाणार नसेल तर तावडे हॉटेलजवळ उतरवते, तिथून रिक्षा करा. साताऱ्यातून पुण्याला रेल्वेनं जाणार असाल तर स्टेशन माहुलीकडे, गावाबाहेर आहे, तिथवर पोहोचायचा वेळ धरा. परतीची शेवटची गाडी निघतानाच विचारून घ्या. संध्याकाळची व्याख्यानं लांबतात.

अर्धा तास आधी पोहोचा. विद्यापीठाचं आवार मोठं आहे. मुख्य इमारतीसमोरच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी उभं राहून विभाग विचारला की कुणीही दाखवतं. गेटवर "व्याख्यानाला आलोय" एवढंच म्हणू नका. विभाग, सभागृह आणि वेळ सांगा. मला एका ठिकाणी वीस मिनिटं गेटवर थांबवलं होतं, कारण सभागृहाचं नाव ठाऊक नव्हतं आणि कार्यालयातला फोन कुणी उचलत नव्हतं.

८. सभागृहात

क्रम ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग व्याख्यान, प्रश्नोत्तरं, अध्यक्षीय समारोप, आभार. म्हणजे तीनची वेळ असेल तर वक्ता साडेतीनच्या आत क्वचितच उभा राहतो. प्रश्नोत्तरांचा वेळ कमी पडला तर तोच आधी कापतात. म्हणून चिठ्ठीवर प्रश्न, खाली नाव आणि गाव लिहून व्याख्यान चालू असतानाच संयोजकांकडे द्या. पहिल्या दोन चिठ्ठ्या हमखास वाचल्या जातात.

मराठीत विचारायला कचरू नका. एकदा माझ्या शेजारी पलूसकडचे एक आजोबा बसले होते, धोतर-टोपी, हातात घडी घातलेली पिशवी. पाहुणे युरोपातून आलेले, भाषण इंग्रजीत. प्रश्नांची वेळ आली तसे आजोबा उठले आणि म्हणाले, "साहेबांना विचारा, त्यांच्याकडं शेतकऱ्याला एकरी पैसं मिळत्यात म्हणं. ते कशापायी?" विभागप्रमुखांनी इंग्रजी करून सांगितलं. पाहुण्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणि युनियनच्या सामायिक कृषिधोरणात थेट अनुदान का आलं, ते क्षेत्रावर का मोजतात, त्याला तिथेच विरोध कुणाचा आहे, हे सगळं त्या एका प्रश्नावर सांगितलं. तोवर पडद्यावर आकडेच चालले होते. त्या दिवशीचं मला जे आठवतं ते आजोबांच्या प्रश्नानंतरचंच.

सुरुवातीला "चॅटम हाउस नियम लागू आहे" असं सांगितलं तर नीट ऐका. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेत १९२७ मध्ये हा नियम ठरला. तिथे ऐकलेली माहिती वापरता येते, पण कोण बोललं आणि कोण हजर होतं ते बाहेर सांगायचं नाही. अशा बैठकीत फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला तर आयोजक अडचणीत येतात. एरवीही ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारा.

९. नंतरचे दोन दिवस

वही त्याच रात्री पुन्हा लिहून काढा. दुसऱ्या दिवशी आपलेच बाण आणि संक्षेप आपल्याला लागत नाहीत.

दोन दिवसांच्या आत वक्त्याला ई-मेल करा, चार ओळींचा. मी कोण, कुठल्या व्याख्यानाला होते, कुठला मुद्दा अडला, त्यावर वाचायला काय सुचवाल. आभाराची लांब प्रस्तावना नको. मला आजवर दहातल्या सात-आठ जणांनी उत्तर दिलंय. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला बसायची परवानगी कशी मिळते, तेही विभागातल्याच कुणाला विचारा, त्यांच्या चिठ्ठीनं काम लवकर होतं. युनियनचे सगळे कायदे यूर-लेक्स या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, चोवीस भाषांत. मराठी त्यांत नाही, पण इंग्रजी मजकूर समजेल असा असतो. पुढे शिकायचंच मनात असेल तर एरॅस्मस मुंडस या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची चौकशी याच ई-मेलमध्ये करा. ते एकाहून अधिक देशांतल्या विद्यापीठांत पूर्ण करायचे असतात आणि त्यांना शिष्यवृत्ती असते.

माझ्या पहिल्या ई-मेलला आलेलं उत्तर दोन ओळींचं होतं. औषधांच्या अंशांची युनियनची अधिकृत यादी कुणालाही उघडता येते, पीक निवडा आणि औषधाचं नाव टाका, एवढंच त्या सरांनी लिहिलं होतं. खाली लिंक. त्या रात्री वडील फवारणीची वही घेऊन माझ्या शेजारी बसले. यादीत खायची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं वेगवेगळी दिली आहेत, हे त्यांनीच आधी पाहिलं. मी एकेक नाव टाकत गेले आणि ते वहीत प्रत्येक औषधापुढे पेन्सिलीनं आकडा लिहीत गेले. पावणेबारा वाजले तेव्हा आठ औषधं झाली होती. "उरलेली उद्या," म्हणाले, आणि वही उशाशी घेऊन झोपले.